बासष्टाव्या वर्षी विशारद

परीक्षा या प्रकाराचा मला पहिल्यापासून राग आहे, आणि तरीही वर्षानुवर्षं मी अर्जुनी मोरगावात संगीताच्या परीक्षांचं केंद्र चालवलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. रेल्वेची छोटी लाइन जाऊन मोठी लाइन आली त्याच सुमारास, १९९९ साली, परीक्षा मंडळाने आम्हाला केंद्र दिलं. त्याआधी माझ्या मुलींना परीक्षेसाठी गोंदियाला जावं लागायचं. तानपुरा मांडीवर आडवा धरून पॅसेंजरमध्ये बसायचं, वाटेत भजी खायची नाहीत कारण घसा बसतो, आणि तिथे पोचलं की कुणीतरी विचारायचं, "कौन गाँव से आए हो?" निम्म्या मुलींना तर घरचे सोडतच नसत. गाणं शिकू द्यायचे, पण गाडीत बसू द्यायचे नाहीत. केंद्र गावात आलं आणि त्याच मुली भराभर परीक्षेला बसायला लागल्या. आता माझ्या हाताखालून गेलेल्या सहा जणी शाळांमधून संगीत शिकवतात. म्हणून राग गिळून केंद्र चालवलं.

मी भागीरथा टेंभुर्णे. माहेर सौंदड. माझा बाप रेल्वेच्या गँगमध्ये होता, रुळांवर हातोडा मारत उन्हात फिरायचा. मी दहा वर्षांची असताना स्टेशनच्या नळावर पाणी भरता भरता बुद्धवंदना म्हणत होते, ती स्टेशनमास्तरांनी ऐकली. सान्यालबाबू त्यांचं नाव. बंगाली माणूस, एकटा जीव, खोलीत एक तानपुरा आणि एक मच्छरदाणी, बाकी काही नाही. त्यांनी मला बोलावलं, एक ओळ गाऊन दाखवली आणि डावा हात वर करून थांबले. मी ती ओळ म्हटली. चुकली. ते रागावले नाहीत, तीच ओळ पुन्हा गायले आणि पुन्हा हात वर केला.

आठ वर्षं हे असंच चाललं. वही नाही, पुस्तक नाही. ते एक ओळ गाणार, हात वर करणार, मी म्हणणार. कधी मालगाडीला हिरवा झेंडा दाखवायला ते मधूनच उठून जायचे आणि परत येऊन बरोबर त्याच जागेवरून पुढे सुरू करायचे. मी एकदा विचारलं, बाबू, परीक्षा द्यायची का? ते म्हणाले, "वज़न मालगाड़ी का होता है, गाने का नहीं।" झालं. मी परीक्षेचा विषय डोक्यातून काढून टाकला. त्यांची बदली बिलासपूरकडे झाली तेव्हा तानपुरा मला देऊन गेले.

पुढे मी बरंच गायले. आकाशवाणीवर दोनदा गायले, भंडाऱ्याला, वडशाला, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांत गावोगावी गायले. गोंदियाच्या दुर्गापूजेत १९७६ साली दोन तास गायले, तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बंगाली बाया डोळे पुसत होत्या. त्याच वर्षी लग्न झालं आणि अर्जुनीला आले. आमचे हे, उदाराम, एसटीत कंडक्टर. घराची पुढची खोली रिकामी होती, तिथे क्लास सुरू केला. त्यानंतरही कार्यक्रम सुटले नाहीत, पण आता माझ्या मागे मुली बसायच्या. मी एक ओळ गायची, त्या उचलायच्या. लोकांना ते फार आवडायचं. मलाही आवडायचं.

शिकवण्याची पद्धत मी सान्यालबाबूंचीच उचलली, अगदी डाव्या हातासकट. ओळ संपली की हात वर जायचा आणि मी म्हणायचे, "म्हना." पुढे पुढे बोलायचीही गरज उरली नाही. हात वर गेला की मुली सुरू व्हायच्या, आणि मी कान लावून बसायचे, कुणाचा सूर उतरतो, कुणाला घाई झाली आहे, कोण नुसतीच तोंड हलवते. गाण्यापेक्षा हे ऐकण्यातच माझा जास्त वेळ गेला असेल. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

तर २०१२ च्या जून महिन्यात मंडळाचं पत्र आलं. माझा चष्मा सापडेना म्हणून खुशीने वाचलं. खुशी म्हणजे आमच्या चैतरामभाऊंची नात, सतरा वर्षांची, त्याच वर्षी विशारदला बसणार होती. चैतराम कापगते माझ्या क्लासात पहिल्या वर्षापासून तबला वाजवतात. घरची धानाची शेती आहे, त्यामुळे रोवण्याच्या आणि कापणीच्या दिवसांत त्यांची लय थोडी पळते. बाकी माणूस सोन्यासारखा.

पत्रात लिहिलं होतं की यापुढे केंद्रप्रमुख स्वतः विशारद असला पाहिजे. नोव्हेंबरच्या परीक्षेपर्यंत तसं प्रमाणपत्र मिळवलं नाही, तर केंद्र बंद करून विद्यार्थी गोंदियाला जोडले जातील. मेहरबानी एवढीच, की पंचवीस वर्षं शिकवल्याचा दाखला दिला तर खालच्या सगळ्या परीक्षा माफ, थेट विशारदला बसता येईल.

खुशीने पत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "बाई, तुमी विशारद नाई?"

"नाई."

"मंग आमाले कशा काय शिकवून राहिल्या?"

"काऊन वं," चैतरामभाऊ तबल्यावरचं कापड काढता काढता तिच्यावर उखडले, "तुया आजाले तबला कोन्त्या कॉलेजानं शिकवला?"

उदारामांनी आतून सगळं ऐकलं होतं. ते चहाचा कप घेऊन दारात आले आणि मला म्हणाले, "छत्तीस वर्सं बिनातिकीट गाडीत बसून राहिली. आता चेकर आला." आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की चहा सांडला. जन्मभर लोकांची तिकिटं फाडलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

मला मात्र हसू आलं नाही. त्या वर्षी माझ्याकडे चाळीसेक मुली होत्या. त्यातल्या किती जणींना घरचे गोंदियाला पाठवतील ते मला तोंडपाठ होतं. सात. बाकीच्या घरी बसल्या असत्या, आणि परीक्षा नाही तर क्लास तरी कशाला, असं म्हणून वर्षभरात गाणंही सुटलं असतं. मी फॉर्म भरला. ग्रामपंचायतीने दाखला दिला, "सदर महिला गाणी शिकवितात व त्यांची वर्तणूक चांगली आहे." तो मी अजून जपून ठेवला आहे.

लेखी परीक्षेचा अभ्यास खुशीने घेतला. रोज दुपारी ती गाइड घेऊन यायची आणि मला धडे विचारायची. त्या गाइडशी माझं रोज भांडण. त्यात गायकाचे दोष म्हणून एक यादी होती. डोळे मिटून गाणे, मान वाकडी करणे, हात हलवणे, असं बरंच काही.

"सान्यालबाबू डोये मिटूनच गायचे," मी म्हटलं.

"ते तुमी लिहू नोका जी," खुशी म्हणाली. "पुस्तकात हाय तेवडंच लिहा. बाहेरचं लिहलं का मार्क जाते."

पोरगी मला शिकवताना फार कडक झाली होती. एकदा मी रागांच्या वेळा उलटसुलट सांगितल्या, तर तिने डोक्याला हात लावला आणि पुन्हा म्हणायला लावलं. मी तीनदा म्हटलं. मनात म्हटलं, हिला कुणी शिकवलं हे असं? मग आठवलं.

लेखी पेपर कसाबसा गेला. प्रत्यक्ष गाण्याची परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, आमच्याच घरी, क्लासच्या खोलीत होती. चैतरामभाऊंचं धान कापून शेतात बांधीत पडलं होतं, तरी ते आले, डोक्यात तणसाच्या काड्या तशाच. बारा उमेदवार होते. अकरा माझ्या मुली आणि बारावी मी. परीक्षकाचं नाव पत्रात प्रा. सौ. आर. एस. गणवीर असं होतं. उदाराम स्टेशनवर आणायला गेले. परत आले ते कानापर्यंत हसत. त्यांच्या मागून पिशवी खांद्याला लावलेली, चष्मा घातलेली एक बाई फाटकातून आत आली आणि मला बघून जागच्या जागी उभी राहिली.

रीना होती. रीना शहारे. सात वर्षांची असल्यापासून अठराची होईपर्यंत माझ्याकडे शिकली, मग नागपूरला गेली, तिथेच प्राध्यापिका झाली, लग्न झालं. मधल्या काळात पत्रं यायची, मग फोन यायचे, मग तेही दिवाळीपुरते. ठरलेले परीक्षक आजारी पडले म्हणून तिला तीन दिवसांपूर्वी यायला सांगितलं होतं.

ती पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. "आज नोको. आज तू परीक्षक होय."

"बाई, केंद्र तुमचं आहे हे बघूनच तर मी हो म्हटलं," ती म्हणाली. मग तिने पिशवीतून यादी काढली, बोट खाली खाली नेत शेवटच्या नावावर थांबवलं. "हे बी. यू. टेंभुर्णे कोण? नातेवाईक आहे का कुणी?"

"मीच."

तिचा चेहरा असा झाला की मला तिची कीव आली. ती म्हणाली, मी नाही घेऊ शकत, मी नागपूरला फोन करते, दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगते. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दुसरा परीक्षक म्हणजे एप्रिल. एप्रिलमध्ये केंद्र उरलेलं नसेल. या अकरा आणि घरी बसलेल्या बाकीच्या पोरींचं काय करू?

"तं घे," मी म्हटलं. "अना बरोबर घे. मी तुले कदी सोडलं होतं का?"

ती पहिल्यांदा हसली. "एकाच ओळीवर तीन महिने बसवलं होतं."

"अकरा आठवडे."

रीना नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आवाज सुरेल, कान तल्लख, पण घाई अशी की माझी ओळ संपायच्या आत, हात पुरता वर जायच्या आतच ही सुरू व्हायची. ओळीचा शेवट तिने कधी ऐकलेलाच नसायचा. मग मी तिला अकरा आठवडे एकाच ओळीवर ठेवलं, सान्यालबाबूंच्या बिहागच्या बंदिशीतली पहिली ओळ. ही बंदिश त्यांनी स्वतः बांधली होती, सौंदडच्या फलाटावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत. ती दुसऱ्या कुणाला येत नाही, फक्त माझ्याकडे शिकलेल्यांना येते. बाराव्या आठवड्यात पोरगी थांबायला शिकली.

रीना आत गेली आणि सतरंजीवर बसली. मी तिला उठवून खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली, जशी काही खुर्ची दुसऱ्याची आहे.

एकेक मुलगी आत जायला लागली. मी केंद्रप्रमुख म्हणून आत थांबायचं नव्हतं आणि उमेदवार म्हणून थांबायचा प्रश्नच नव्हता, म्हणून बाहेर छपरीत बाकीच्यांबरोबर बसून राहिले. मला भीती वाटत होती. सांगायला लाज कसली? पोरी येऊन मला धीर देत होत्या, "काई नाई होत जी बाई, पानी प्या." छत्तीस वर्षं मी हेच त्यांना सांगत आले होते. आता कळलं की याचा काडीचा उपयोग होत नाही.

माझा नंबर दुपारी एकनंतर आला. बिहाग हा खरं तर रात्रीचा राग, पण परीक्षेला रात्र कुठून आणणार? खुशी तानपुऱ्यावर बसली, चैतरामभाऊंनी तबला लावला. बाकीच्या दहा जणी छपरीतल्या खिडकीशी गोळा झाल्या. रीनाने कागद पुढे ओढला, लाल पेन उघडला आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "सुरू करा."

आलाप चांगला झाला. भीती दोन मिनिटांत गेली. आवाज पूर्वीसारखा वर जात नाही, पण खालचा षड्ज आता जास्त गोड लागतो, हे मला ठाऊक आहे. मग बंदिश धरली. पहिली ओळ म्हटली, समेवर आले, आणि थांबले.

थांबले हे मला कळलंच नाही. मी कान लावून बसले होते. माझा डावा हात वर गेलेला होता. तबला चालू, तानपुरा चालू, आणि मी वाट बघत होते.

आणि खुर्चीवरून ती ओळ आली. रीनाने ती पूर्ण म्हटली, निषादावरून पंचमाकडे येताना धैवताला नुसतं बोट लावून, जसं मी अकरा आठवडे सांगितलं होतं तसं. तिच्या मागोमाग खिडकीतून दहा जणींनी म्हटली. मी "हं" केलं आणि दुसरी ओळ सुरू केली. दुसरी संपली, हात वर, सगळ्यांनी म्हटली. एकीचा सूर जरासा उतरला होता, तिच्याकडे मी डोळे वटारले. तिसरी ओळ. चौथी ओळ. इतकं छान चाललं होतं!

तबला थांबला. चैतरामभाऊ घाबऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, परीक्षा होय जी."

रीनाने दोन्ही हात तोंडावर घेतले. तानपुरा तेवढा वाजत होता, कारण मी सांगितल्याशिवाय तानपुरा थांबवायचा नाही हे खुशीला ठाऊक होतं.

"बाई," रीना म्हणाली, "उमेदवारानं एकट्यानं गायचं असतं. हे मला धरता येणार नाही."

"नोको धरू."

"मध्येच थांबलं तर एकदा परत सुरू करता येतं. पाच गुण कापून. दुसऱ्यांदा थांबलात तर..." पेन उचलून तिने पाच गुण कापले, माझ्यासमोर, आणि बाजूला सही केली. त्या क्षणी ती पोरगी मला इतकी आवडली की काय सांगू.

मी पाणी मागितलं. पाणी पिता पिता हिशोब लागला. १९७६ च्या दुर्गापूजेनंतर मी एकटीने दोन ओळी सलग गायलेच नव्हते. एकदाही नाही. क्लासात नाही, कार्यक्रमात नाही, सकाळी रियाजाला बसले तरी शेजारी कुणी ना कुणी मुलगी असायचीच. छत्तीस वर्षं मी गाणं अर्धं म्हणत होते आणि अर्धं ऐकत होते. हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. एकटीने पूर्ण गाता येतं की नाही, हेच आता मला माहीत नव्हतं.

उगाच विचार करत बसण्यात अर्थ नव्हता. मी खिडकीकडे वळले. "तोंडं बंद. कोनी म्हनलं तं पाय मोडीन." मग रीनाकडे बघून म्हटलं, "तुयेबी." आणि डावा हात मांडीखाली दाबून त्याच्यावर नीट बसले. त्याचा भरवसा नव्हता.

पहिली ओळ म्हटली. समेवर आले. हात मांडीखालून निघायला बघत होता. ओळीनंतर जी जागा आली ती अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तशी होती. कुणीच म्हणेना. म्हटलं, बाई, आता तूच म्हण. मी तीच ओळ पुन्हा म्हटली, पण कशी म्हणावी ते सुचेना, म्हणून रीना म्हणते तशी म्हटली. मग खुशी म्हणते तशी, थोडी पुढे पळून. पळाल्यावर पुढे जागा मोकळी राहिली, तिथे एक छोटी तान मावली. बरी वाटली. निर्मला म्हणून एक मुलगी होती, फार वर्षांपूर्वीची, आता सालेकशाकडे दिली आहे. ती गंधारावर हमखास अडखळायची आणि मी तिला हमखास ओरडायचे. तिच्यासारखी अडखळून पाहिली. काय सुंदर अडखळायची ती! मी उगाच ओरडले. एकीमागून एक आठवत गेल्या, कुणाचा लांबवलेला श्वास, कुणाचं नाकातलं, कुणाचं घाबरून हळू झालेलं, आणि मी ते सगळं एकेक करून बिहागमध्ये बसवत गेले. चैतरामभाऊंची लय पळाली, तेव्हा मी थांबून त्यांना बोलले नाही, त्यांच्या मागे पळाले. ते खूश होऊन हसायला लागले. डोक्यातली काडी तबल्यावर पडली, ती त्यांनी फुंकरीने उडवली आणि ठेका धरला.

पंधरा मिनिटं गायची होती. रीनाने घड्याळ पाहिलंच नाही, की पाहून न पाहिल्यासारखं केलं, ते मी तिला विचारलं नाही. मी थांबले तेव्हा चहाची वेळ झाली होती.

निकाल काय लागला ते इथेच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. जानेवारीत पत्र आलं. द्वितीय श्रेणी. लेखीत जेमतेम पास. गायकाच्या दोषांवर मी शेवटी सान्यालबाबूंचं लिहिलंच होतं, त्याचे मार्क गेले असणार, खुशीने सांगितलं होतं तसे. खुशीला प्रथम श्रेणी मिळाली आणि ती आठवडाभर माझ्याशी मोठ्या बहिणीसारखी वागत होती. केंद्र राहिलं. उदारामांनी प्रमाणपत्राला चौकट करून आणली आणि येईल त्याला सांगत सुटले, "निघालं बाईचं तिकीट एकदाचं." ते तानपुऱ्याच्या वरच्या खिळ्याला टांगलं आहे. सान्यालबाबूंनी बघितलं असतं तर नक्की काहीतरी टोमणा मारला असता. मारू दे. मला ते आवडतं. रोज झाडताना पुसते.

पण त्या दुपारचं राहिलं. मी गाणं संपवलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. वाहवा नाही, टाळी नाही. खिडकीत दहा तोंडं, दोघी-तिघींनी तर ओठ हाताने घट्ट धरून ठेवलेले, कारण मी पाय मोडण्याची धमकी दिली होती आणि माझ्या धमक्या त्या खऱ्या मानतात. रीना कागदावर मान खाली घालून मार्क लिहीत होती. लिहून झालं, पेनाचं टोपण लावलं, कागद पाकिटात घालून पाकीट बंद केलं, आणि मग चष्मा काढून डोळे पुसले.

"झालं का वं?" मी विचारलं.

"झालं बाई."

"पक्कं? आता कोनी म्हनलं तं चालते?"

"चालते जी," ती म्हणाली. अठरा वर्षं नागपूरला राहून तिचं 'जी' गेलं नव्हतं.

मी मांडीखालचा हात काढला. पार बधिर झाला होता, मुंग्या आल्या होत्या. मी पहिली ओळ पुन्हा धरली आणि हात कसाबसा उचलला. तो पुरता वर जायच्या आतच, ओळीचं शेवटचं अक्षर अजून माझ्या तोंडात असताना, रीना सुरू झाली. खुर्चीवरून केव्हा उतरून सतरंजीवर आली होती कोण जाणे. तिच्या मागून खिडकीतल्या सगळ्या.

मी तिला काही म्हटलं नाही.